लाकडी सांगाड्याची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर: घरच्या घरी नव्याने उभी करताना

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर ही जुनी ब्रिटिश गाडी बघायला गेलात की विकणारा आधी लाकडाची चकाकी दाखवतो. तुम्ही खिशात सुताराचा टोचा ठेवा आणि गाडीखाली अंथरायला जुनी चटई न्या. या गाडीत लाकूड शोभेसाठी लावलेलं नाही. मागचं छप्पर, बाजूच्या काचा, मागची दोन कवाडं, सगळ्यांचा भार त्याच्यावरच आहे. लाकूड कुजलं तर गाडीची ताकदच जाते. मिनीच्या ट्रॅव्हलरवरही असंच लाकूड दिसतं, पण ते नुसतं वरून लावलेलं असतं. त्या अनुभवावरून इकडे अंदाज बांधू नका.

थोडी ओळख आधी करून घेऊ. मूळ मायनर १९४८ची, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली. पुढे मिनीही त्यांचीच. ट्रॅव्हलर १९५३ साली आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. तिचा पुढचा भाग नेहमीच्या पोलादी मायनरचा. त्यामागे अ‍ॅश लाकडाची चौकट, चौकटीच्या खणांत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, वर अ‍ॅल्युमिनियमचंच छप्पर. इंजिन आधी ८०३ सीसी, १९५६ पासून ९४८ आणि १९६२ पासून १०९८. आपल्याकडची बेबी हिंदुस्थान याच मायनरवरून घेतलेली, तर अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून. त्यामुळे इंग्लंडात आलेल्या मराठी माणसाला ही गाडी पहिल्यांदा बघताना नाक कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.

अ‍ॅश का? हे लाकूड चिवट असतं, धक्का सोसतं, वाफेवर वाकतं. क्रिकेटचे स्टंप आणि हातोड्यांचे दांडे याचेच करतात. मॉर्गन कंपनीच्या मोटारींच्या सांगाड्यालाही तेच. एक मोठा दोष मात्र आहे: पाण्यात ते टिकत नाही. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे सागवान वापरलेल्या आपल्या लोकांना लाकूड इतक्या लवकर कुजतं हे खरंच वाटत नाही. ओलं राहिलेलं अ‍ॅश काही वर्षांत हाताने कुस्करता येईल इतकं भुसभुशीत होतं. म्हणून या गाडीच्या प्रत्येक सांध्याशी एकच प्रश्न विचारायचा: पाणी इथे कुठून येतं आणि कुठून बाहेर पडतं? पुढचं बरंचसं काम या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप ठरतं.

गाडी निवडताना

टोचा पहिल्यांदा सरकत्या बाजूच्या काचांखालच्या आडव्या पट्टीत घाला. काचा ज्या खोबणीत सरकतात तिथे पाणी तुंबतं, पाचोळा अडकतो आणि इंग्लंडच्या हवेत चक्क शेवाळं उगवतं. ट्रॅव्हलरवाल्यांमध्ये या शेवाळ्यावरचे विनोद फार जुने आहेत. दुसरी जागा मागच्या चाकावरची कमानीची पट्टी. मागचं पोलादी मडगार्ड तिला स्क्रूने जोडलेलं असतं आणि चाकाने उडवलेला चिखल त्या फटीत जाऊन बसतो. तिसरी जागा मागच्या कोपऱ्यांतल्या उभ्या खांबांचे तळ. चौथी सगळ्यात खालची आडवी पट्टी, जी गाडीच्या तळाच्या पत्र्याला बोल्टने धरलेली असते. ही खालून, झोपूनच बघावी लागते. शेवटी वर बघा. पुढचं पोलादी छप्पर आणि मागचं अ‍ॅल्युमिनियमचं छप्पर जिथे मिळतं तिथे गळती असेल, तर आतल्या अस्तरावर तपकिरी डाग उमटलेले दिसतील.

टोचा किती जातो यावर निकाल. टणक लाकडात टोक जेमतेम रुततं. लोण्यात जावं तसं गेलं, तर तो तुकडा बदलायचाच. नुसता काळा रंग बघून मात्र घाबरू नका. पोलादी स्क्रूभोवती अ‍ॅश काळं पडतंच, तो ओलावा आणि लोखंड यांचा डाग असतो, खाली लाकूड धडधाकट असू शकतं. मला जास्त भीती वाटते ती जाड, नव्या, मधाळ रंगाच्या थराची. त्याखाली पुट्टी भरलेली असू शकते. बोटाच्या पेराने ठोकत जा; पुट्टीचा आवाज बद्द येतो.

मग पुढच्या दारांच्या मागच्या फटी बघा. वर बारीक आणि खाली रुंद अशी फट असेल, तर मधला खांब किंवा त्याखालचा पत्रा हलला आहे. मागची दोन कवाडं मध्यावर एका रेषेत मिळतात का, हेही पाहा.

आता चटईचा उपयोग. खाली चेसिसचे दोन लांब पाय, गिअरबॉक्सखालची आडवी तुळई, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे कान, हे सगळं पोलादी आणि गंजणारं. त्या आडव्या तुळईकडे विशेष लक्ष द्या. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन धक्के सोसणाऱ्या पोलादी दांड्या, तिथेच अडकवलेले असतात. ती सडली असेल, तर बाकी कितीही सुंदर असो, गाडी धोकादायक आहे.

माझं स्पष्ट मत असं की लाकूड पार गेलेली पण खालचा पत्रा शाबूत असलेली ट्रॅव्हलर नवख्याने घ्यावी, उलटी कधीच घेऊ नये. लाकडाचे तयार तुकडे मिळतात, अख्ख्या जुळवलेल्या बाजूही मिळतात. महाग आहेत, पूर्ण संच हजारो पौंडांत जातो, पण ते बोल्ट आणि स्क्रूने बसतात. चेसिसवर एकावर एक ठिगळं मारलेली गाडी सरळ करायला मुरलेला वेल्डर लागतो आणि त्याच्या तासांचा हिशोब कोणी आधी सांगत नाही.

कागद, जागा, हत्यारं

ब्रिटनमध्ये गाडी नावावर आल्याचं नोंदणीपत्र लगेच करून घ्या आणि काम चालू असेपर्यंत ती रस्त्यावर नाही असं सरकारी निवेदन, म्हणजे सॉर्न, जाहीर करा. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक वर्गात रस्ताकर माफ आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मे २०१८ पासून अशा गाड्यांना, त्यांत मोठे बदल केलेले नसतील तर, दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का याची तपासणीही सक्तीची नाही. तरी काम संपल्यावर ती स्वतःहून करून घ्या. गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी कायद्याने तुमचीच राहते, आणि आपल्या हातच्या कामावर तिऱ्हाइताची नजर पडलेली बरी. विमा कंपन्या काम चालू असलेल्या गाडीसाठी आग आणि चोरीपुरती पॉलिसी देतात, ती घ्या.

जागा कोरडी हवी. गाडीच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल आणि एका भिंतीलगत लांब लाकडं आडवी ठेवता येतील, इतकं गॅरेज असलं म्हणजे झालं. उघड्यावर ताडपत्रीखाली हे काम करायला जाऊ नका. ताडपत्रीखाली वाफ धरते आणि नवं लाकूड बसवायच्या आधीच ओलावतं.

पाने इंची लागतात. मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश इंच हे तीन माप सारखे हातात असतील. सुतारकामासाठी गुण्या, ओळंबा, धारदार पटाशी, लहान रंधा आणि क्लॅम्प. क्लॅम्प जितके असतील त्याहून दोन जास्त घ्या, कधीच पुरत नाहीत. हवेत उडणाऱ्या गोष्टींपासून सांभाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करून घासा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने कधीच उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. लाकडाच्या भुशालाही चांगला मास्क हवा.

उघडण्याआधी मोजा

इथे घाई करणारा माणूस पुढे महिनोन्‌महिने भोगतो. सांगाडा अजून उभा आहे तोवर त्याची मापं कागदावर उतरवा. मागच्या कवाडांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, दोन्ही बाजूंच्या काचांच्या चौकटींचे कर्ण, छपराच्या कडेपासून तळाच्या पत्र्यापर्यंतची उंची दोन्ही बाजूंना, पुढच्या दारांच्या फटी. दोन कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर गाडी आधीच तिरकी झाली आहे, आणि नवं लाकूड जुन्या तिरक्या मापाला लावून चालणार नाही.

मग फोटो. प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रूची जागा, वायर कुठून जाते, अस्तर कुठे मुडपलं आहे. काढलेला प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. कुजलेले तुकडेही काम संपेपर्यंत फेकू नका. अर्धा तुकडा उरला असला, तरी त्यावरची भोकं आणि खाचा नव्या तुकड्याला दाखला म्हणून लागतात.

मागची सीट, आतले पुठ्ठे, अस्तर, कवाडं, काचा, मडगार्डं या क्रमाने उतरवा. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हळू सोडवा. ते मऊ असतात. पटाशीने उचकटले की कायमची घडी पडते. रुंद, पातळ पट्टी आत सरकवून थोडं थोडं उचला.

आधी पत्रा, मगच लाकूड

वेल्डिंगची ठिणगी आणि नवं वॉर्निश यांचं जमत नाही, म्हणून पोलादाचं सगळं काम लाकडाआधी. पण सगळं जुनं लाकूड काढून मग वेल्डिंगला बसायचं, असंही नाही. लाकूड नसलेला मागचा भाग लवलवतो आणि उष्णतेने खेचला जातो. जिथे वेल्डिंग करायचं तिथपुरतं लाकूड काढा आणि दारांच्या मोकळ्या जागेत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या जोडून ती जागा आहे तशी धरून ठेवा. पुढची दारं बिजागऱ्यांवरच राहू द्या. दर थोड्या वेल्डिंगनंतर दार लावून फट बघायची. फट बदलली की थांबायचं.

पेट्रोलची टाकी आधी उतरवून गॅरेजच्या बाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. बॅटरी सोडवा. वेल्डिंग येत नसेल तर हे एवढं काम बाहेरून करून घ्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चेसिसच्या पायात दडवलेला असतो. तो भाग उघडा आहे तोवरच बदलून टाका, नंतर त्याच्यापर्यंत हात पोहोचवताना शिव्या आठवतील.

नव्या पत्र्याला आत-बाहेर प्रायमर, पोकळ भागांत मेण. ज्या पत्र्यावर लाकूड बसणार आहे तिथे रंगाचा पूर्ण थर वाळल्याशिवाय लाकूड ठेवायचं नाही.

लाकूड बसवणं

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: एका वेळी एक बाजू. डावी बाजू काढली तर उजवी उभी असते, छप्पर तिच्यावर आणि तुम्ही आतून लावलेल्या टेकूंवर राहतं, आणि मापाला दाखला समोर असतो. दोन्ही बाजू एकदम काढल्या की छप्पर हवेत आणि तुमच्याकडे फक्त कागदावरची मापं.

सुटे तुकडे घ्यावेत की जुळवलेली बाजू? नवख्याने जुळवलेली बाजू घ्यावी असं मला वाटतं. सुट्या तुकड्यांत खाच आणि कुसू अचूक बसवणं हे खरं सुतारकाम आहे, आणि एका सांध्यातली छोटीशी चूक दुसऱ्या टोकाला बोटभर होते. एखादाच तुकडा गेला असेल तर गोष्ट वेगळी. लांब पट्टीचं फक्त टोक कुजलं असेल, तर चांगल्या लाकडापर्यंत मागे कापून तिरका जोड द्यायचा. जोडाची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान आठपट हवी, आखूड जोड भाराखाली सुटतो. भार घेणाऱ्या तुकड्यात पुट्टी किंवा फायबर भरणं म्हणजे फसवणूक, आणि फसणारे तुम्हीच. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अ‍ॅशच्या झाडांना बुरशीच्या रोगाने ग्रासलं आहे, तरी सुकवलेलं चांगलं अ‍ॅश मिळतं. सरळ रेषांचं, गाठ नसलेलं निवडा, ओलावा १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास असलेलं, आणि वापरण्याआधी काही दिवस गॅरेजमध्येच पडू द्या.

पहिली जुळणी कोरडी. गोंद नाही, मॅस्टिक (सांधे भरायचा लेप) नाही. क्लॅम्प लावून बाजू उभी करा, ओळंबा सोडा, कर्ण मोजा, पुढचं दार लावून बघा, मागचं कवाड टांगून बघा, काच सरकवून बघा. कुठे अडत असेल तर रंध्याचा एखादा हात, तोही जिथे घासल्याची खूण दिसते तिथेच. सगळं जमलं की बोल्टची भोकं पाडायची आणि बाजू पुन्हा उतरवायची. हो, पुन्हा उतरवायची. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते आहे तशीच घट्ट करून मोकळे होतात.

उतरवायचं कारण पाणी. लाकडाचे आडवे काप, म्हणजे तुकड्यांची टोकं, नळीसारखं पाणी ओढतात. ती टोकं आणि पाडलेलं प्रत्येक भोक पातळ इपॉक्सी राळेने दोनदा भिजवा. ज्या बाजू पुढे पत्र्याआड झाकल्या जाणार त्यांना लाकूडरक्षक द्रव आणि तो पूर्ण वाळल्यावर वॉर्निश. बाहेरून दिसणारी बाजू सगळे रंगवतात, कुजते मात्र आतली. काचेच्या खोबणीत पाणी बाहेर सोडणारी भोकं आहेत ना, आणि ती मोकळी आहेत ना, हे आत्ताच तपासा.

शेवटच्या जुळणीला लाकूड-लाकूड सांध्यात पाण्याला न सुटणारा गोंद आणि लाकूड-पत्रा सांध्यात न वाळणारा, लवचीक राहणारा मॅस्टिक. कडक होणारं सिलंट वापरू नका. गाडी चालताना सांगाडा किंचित हलतो, कडक थर तडकतो आणि त्या तड्यातून पाणी आत जातं, बाहेर मात्र येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, म्हणजे काळे डाग पडायचे नाहीत. पितळी स्क्रू दिसायला छान, पण अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसले की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खातात. एक बाजू बसली, गोंद वाळला, मापं पुन्हा जुळली, की मगच दुसरीला हात.

डाग आणि वॉर्निश

जुनं चांगलं लाकूड ठेवलं असेल, तर रंग उतरवून ८० नंबरच्या काचपेपरने सुरुवात, मग १२०, मग १८०, नेहमी रेषांच्या दिशेने. काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने उतरतात. हातमोजे आणि चष्मा घाला, ते विषारी आहे. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लाकूड पूर्ण सुकू द्या. ओल्या लाकडावर वॉर्निश लावणं म्हणजे ओलावा आत कोंडणं.

बोटींसाठीचं वॉर्निश की श्वास घेऊ देणारा रंगीत थर, यावर ट्रॅव्हलरवाल्यांत कधी न संपणारा वाद आहे. वॉर्निश सुंदर दिसतं, पण दरवर्षी लक्ष मागतं आणि एकदा सुटलं की पोपडे येतात. श्वास घेणारा थर थोडा मंद दिसतो, पण झिजतो, सोलत नाही. वरून नवा हात दिला की काम भागतं. गाडी बाहेर उभी राहणार असेल तर मी दुसरा पर्याय घेईन. वॉर्निशच ठरलं असेल, तर पहिला हात निम्मा पातळ करून, म्हणजे तो लाकडात मुरतो, आणि पुढचे चार-पाच हात दाट, प्रत्येकाच्या मधे हलका काचपेपर. तेल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

पत्र्याचा रंग त्या गाडीच्या मूळ रंगाशी जुळवा. अल्मंड ग्रीन, ट्रॅफल्गर ब्लू, स्मोक ग्रे, रोझ टोप हे मायनरचे खास रंग, आणि लाकडाशेजारी ते जे दिसतात ते आजच्या कुठल्याही चकाकत्या धातूरंगाला जमत नाही.

यंत्राचा भाग

हा सोपा आहे. ए-सिरीज इंजिनाचे, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही इंजिनांचे, सुटे भाग आजही सहज मिळतात आणि दुरुस्तीची पुस्तकंही. दोनच गोष्टी सांगतो. मूळ वायरिंगमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या उलट. कोणी मधे बदल केला आहे का हे बघितल्याशिवाय बॅटरी, रेडिओ किंवा चार्जर जोडू नका. दुसरी गोष्ट पुढच्या चाकांचे ट्रनिअन, म्हणजे ज्या आट्यांवर चाक वळतं ते सांधे. त्यांत ग्रीस गेलं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस सांधा निसटून चाक आडवं पडतं. पुढची बाजू जॅकवर उचलून, चाकावरचा भार काढून, ग्रीस गनने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं. दर हजार मैलांनी, न चुकता.

रस्त्यावर आल्यावर

पहिल्या शंभरेक मैलांनंतर लाकडाचे सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवं लाकूड बसतं आणि बोल्ट ढिले होतात. घट्ट करताना वॉशर लाकडात रुतेपर्यंत पिळू नका.

कोकणात पावसाआधी कौलं शाकारतात, तसा इथे सप्टेंबरचा एक रविवार राखून ठेवा. काचेच्या खोबणीतला कचरा जुन्या दातब्रशने काढायचा, पाण्याची भोकं तारेने मोकळी करायची, वॉर्निशला केसाएवढी चीर दिसली तरी तिथे घासून हात द्यायचा. चीर एका हिवाळ्यात पोपडा होते आणि पुढच्या हिवाळ्यात लाकूड काळं पडतं. मागच्या मडगार्डाच्या आतली माती बोटाने काढा. दाबाच्या पाण्याचा पंप लाकडाजवळ नको, तो पाणी थेट सांध्यात ढकलतो. बादली आणि स्पंज पुरे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा शक्यतो गाडी घरी ठेवा, आणि नेलीच तर परतल्यावर खालून साध्या पाण्याने धुवा. झाकण घालायचं असेल तर हवा खेळती राहील असं कापडी, तेही गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर. गॅरेजचं दार कोरड्या दिवशी तासभर उघडं ठेवा आणि काचा दोन बोटं सरकवून ठेवा.